सुनांचे डबे

नवीन पनवेल
७ ऑक्टोबर १९९०

प्रिय विनायक,

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ते आधी लिहून टाकते. गॅस मिळाला. पाणी सकाळी तासभर येतं. तुझ्या आईंचा पुण्याहून दर रविवारी खालच्या चिपळूणकरांकडे फोन येतो आणि मी जिने उतरून धावते. त्या विचारतात, विनू कसा आहे. मी त्यांना कादंबरीची खुशाली सांगते, कारण तुझ्या पत्रांत दुसरं काही नसतं.

रागावू नकोस, पण तुझी पत्रं मी ओळीने लावून पुन्हा वाचली. पहिल्या पत्रात ती ‘आमच्या विभागात गणितात पीएच.डी. करणारी एक मराठी मुलगी’ होती. दुसऱ्यात ती ‘कादंबरी’ झाली. तिसऱ्यात तुम्ही ‘आम्ही’ झालात. ‘काल आम्ही समीकरणात एक पद वाढवलं.’ लग्नाला पाच वर्षं झाली आपल्या. आपण दोघांनी मिळून काय वाढवलं ते आठवून पाहिलं, तर ती एक तुळस, आणि तीही मे महिन्यात गेली.

तू गेल्यापासून प्रकल्पाचा सगळा कारभार माझ्याकडे आहे. प्रदीप सायकलवरून उंबरवाडीला जातो, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेले शौचाच्या नमुन्याचे डबे वाटतो, दुसऱ्या दिवशी भरलेले घेऊन येतो. मग मी खिडक्या उघडते, नाकावर पदर बांधते, काचपट्ट्या करते आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जंतांची अंडी मोजते. लंडनमध्ये तुम्ही दोघं कॉफी पितापिता ज्याला ‘आपला डेटा’ म्हणता तो इथे असा येतो. वास लंडनपर्यंत पोचत नसावा.

तू लिहितोस, उंबरवाडीच्या बायकांचे आकडे बघून कादंबरी खुर्चीतून उठलीच. मुली पंधरा-सोळाच्या होईपर्यंत त्यांच्या पोटात मुलांइतकेच जंत, आणि नंतर एकदम उतार. पुरुषांचे मात्र होते तसेच. ‘हे सोनं आहे’ असं ती म्हणाली म्हणे. असेल. ते सोनं मी दोन वर्षं मान मोडून मोजलं आहे. तिला हे सांगितलंस का? नसशील सांगितलं, तर आता मुद्दाम सांगू नकोस. सांगायला लावून सांगितलेलं मला नको.

हेवा वाटतो आहे मला. तू ओळखशीलच, म्हणून आपणहूनच लिहिलं.

तुझी
आशालता


नवीन पनवेल
२८ ऑक्टोबर १९९०

प्रिय विनायक,

दिवाळी झाली. मी पुण्याला गेले नाही, डबे होते. चकल्या चिपळूणकरांकडून आल्या, त्या मऊ होत्या, तरी सगळ्या खाल्ल्या.

फोटो मिळाला. थेम्सच्या काठी सगळा विभाग उभा आहे. तू छान दिसतोस. तुझ्या गळ्यात निळा मफलर आहे. तुझ्याकडे निळा मफलर नव्हता. तुझी बॅग मी भरली होती, म्हणून मला ठाऊक आहे. आणि कादंबरी तुझ्या शेजारी उभी आहे, बॉबकट, दोन्ही हात कोटाच्या खिशात, गळा उघडा. थंडी वाजत असेल बिचारीला. कानामागून आली आणि तिखट झाली असं आमच्याकडे म्हणतात. फोटो मी कपाटात ठेवला आहे. काढून बघते अधूनमधून.

आलेखाची झेरॉक्स भिंतीला लावली आहे. तिचं म्हणणं मला समजलं ते असं. अनवाणी शेतात आणि भट्टीवर राबताना जंत पायातून शरीरात शिरत राहतात. वर्षानुवर्षं असं झालं की शरीर त्यांना ओळखायला शिकतं आणि पुढच्यांना थारा देत नाही. बायकांचं शरीर हे पुरुषांच्या आधी शिकतं, म्हणून त्यांची रेघ पंधराव्या वर्षानंतर खाली येते. समीकरणातलं तिचं ते नवं पद म्हणजे शरीराची आठवण. आठवण वाढली की जंत कमी. सुंदर आहे, खरंच. पण वारंवार लागण झाल्याने प्रतिकारशक्ती येत असेल, तर कादंबरी या नावाची मला एव्हाना यायला हवी होती.

जिल्ह्याच्या बैठकीला तुझ्याऐवजी मी गेले. तू त्यांना अहवालासोबत पाठवलेलं पत्र वाचून दाखवलं गेलं आणि त्यावरून ठरलं, की मार्चअखेर वीटभट्ट्यांवर जंताच्या गोळ्या वाटायच्या त्या मुलांना आणि पुरुषांना. गोळ्या मोजक्या येणार आहेत. बायकांना उपजत संरक्षण आहे, तेव्हा त्यांना वगळायचं. टेबलाभोवती मी एकटीच बाई होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघून कौतुकाने माना डोलावल्या, जसं काही ते संरक्षण मीच मिळवलं होतं.

मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट टोचते आहे. उंबरवाडीच्या बायकांच्या डब्यांत नेहमी काळपट बारीक कण दिसतात. ती वावडिंगाची सालं आहेत. तान्ह्या मुलाला आपण वावडिंगाचं पाणी पाजतो ते जंतांवरच ना? मग या बायका रोज वावडिंग खात असतील आणि म्हणून त्यांच्या पोटात जंत नसतील, तर तुमच्या त्या आठवणीचं काय करायचं? वाडीतली माणसं आता भट्ट्यांवर जायला लागली आहेत. विचुंब्याच्या भट्टीवर जाऊन मी बायकांनाच विचारणार आहे.

कादंबरीची चूक निघावी म्हणून मी हे करते आहे असं तुला वाटेल. तुला बरोबर वाटेल.

आशालता


नवीन पनवेल
२ डिसेंबर १९९०

प्रिय विनायक,

हे पत्र नीट बसून वाच, आणि एकटा वाच.

काल विचुंब्याच्या भट्टीवर गेले होते. गुणाबाईचं घर तुला आठवत असेल: ती म्हातारी, तिचे तीन मुलगे आणि ललिता, गोदा, दिपा या तीन सुना. सुना चिखल तुडवत होत्या, गुडघ्यापर्यंत माखलेल्या. गुणाबाई कुडाच्या झोपडीपुढे नातवंडं घेऊन बसली होती. ललिता कडेच्या पोराला पाजायला आली, तेव्हा मी तिला विचारलं, वावडिंग रोज घेतेस का.

ती सासूकडे बघून पदर तोंडात धरून हसायलाच लागली. गोदाही हसली. ललिता म्हणाली, “मी कशाला घेव? ती सासू घेते.”

मग तुझ्या डब्यात कसं आलं, असं मी विचारलं. ललिता पोराला पाजायला बसली. शेवटी गुणाबाईच म्हणाली, “डबा माजाच हाय. चारीच्या चारी मीच भरतंय. डागदर बोलला, नावावर डबा पायजे. दिला ना नावावर?”

मी विचारलं, सुना स्वतः का देत नाहीत. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की एवढी शिकलेली बाई आणि हे ठाऊक नाही. म्हणाली, “पोरी अजून जनत्या हायत. त्यांच्या आंगातलं कायबी परक्याच्या हाती द्याचं नाय. कोन काय करनी करंल, कूस बांदून टाकंल. माजं आता कोन काय बिगरवनार?”

विनायक, तुला हसू येण्याआधी सांगते. तुझ्या आई माझे गळलेले केस गुंडाळून त्यावर थुंकून मगच टाकायला लावतात, आणि मी एम.एस्सी. असून पाच वर्षं निमूटपणे थुंकते आहे. म्हणून गुणाबाई काय म्हणते ते मला लगेच कळलं. मग मी भट्टीवरच्या बाकीच्या घरांत फिरले. सगळीकडे तेच. पोरगी शहाणी होईपर्यंत आपला डबा आपण देते. शहाणी झाली की तिच्या नावाने घरातली म्हातारी देते, आणि लग्न झालं की सासरची म्हातारी देते. म्हाताऱ्या नातवंडं सांभाळत घरी बसतात, चिखलात उतरत नाहीत, वर वावडिंग चघळतात. त्यांच्या पोटात जंत येणार कुठून?

तुमची रेघ पंधराव्या वर्षाला उतरते ती यामुळे. तिथे कुणाचं शरीर काही शिकत नाही. तिथे डबा भरणारी बदलते. कादंबरीचं समीकरण उंबरवाडीच्या मूठभर म्हाताऱ्यांच्या पोटावर उभं आहे.

तुला किती अभिमान होता, की बाकी गावांत बायका डबा बघून दार लावतात आणि उंबरवाडीत एकही डबा रिकामा परत येत नाही. त्या इतक्या सहज देतात याचंच आपल्याला नवल वाटायला हवं होतं.

घरी येताना एस.टी.त मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने विचारलं, मुलगा पास झाला का. मी हो म्हटलं.

तुम्ही दोघं यावर लिहिता आहात तो लेख थांबव. बायकांच्या पोटात काय आहे ते आपल्याला मुळीच ठाऊक नाही, असं जिल्ह्याला तुझ्या सहीने कळव. मार्च लांब नाही.

तुझी
आशालता


नवीन पनवेल
६ जानेवारी १९९१

विनायक,

तुझं पत्र आलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालं आहे. ‘कादंबरीविषयी तुझ्या मनात काय आहे ते मी जाणतो, त्यामुळे या निरीक्षणाला किती वजन द्यावं हे मला ठरवता येत नाही.’

हे तू एकट्याने लिहिलंस, की तिने वाचून पसंत केलं? वाक्य घडीव आहे, म्हणून विचारते.

बरं, मी जळते. सकाळी उठल्यावर जळते, डबे धुताना जळते, पोस्टमन खालच्या मजल्यावरून परत गेला तरी जळते आणि वर आला तरी जळते. तो निळा मफलर मला भाजीवाल्याच्या गळ्यातसुद्धा दिसतो. तुम्ही दोघं फळ्यापुढे खडू घेऊन उभे असता, ती काहीतरी म्हणते आणि तुला ते अर्ध्यावरच कळतं, हे मी रोज बघते. माझ्याशी तू असं कधी बोलायचास ते आठवायला मला पुण्यातल्या कॉलेजपर्यंत मागे जावं लागतं. आता मिळालं तुला लेखी. पण मी जळते म्हणून म्हातारीचं वावडिंग ललिताच्या डब्यात जात नाही. ते मी जळायला लागण्याच्या दोन वर्षं आधीपासून तिथे आहे.

जंत गावात सारखे वाटलेले नसतात, हे तूच मला शिकवलंस. थोड्यांच्या पोटात पुष्कळ, आणि पुष्कळांच्या पोटात थोडे. हेव्याचंही तसंच असावं. आपल्या घरातला सगळा माझ्या वाट्याला आला आहे. पण म्हणून सगळी अक्कल तुझ्या वाट्याला आली असं होत नाही.

तू लिहितोस, म्हाताऱ्या काहीही सांगतात. सुनांचे खरे डबे मिळेपर्यंत ही ऐकीव गोष्ट आहे. हे मात्र बरोबर आहे, आणि ते मला तुझ्याआधी सुचलं होतं. मी दोनदा जाऊन आले. आखातातल्या संकटामुळे प्रकल्पाच्या जीपला पेट्रोल नाही, म्हणून दोन्ही वेळा एस.टी.ने, आणि पुढे चालत. गुणाबाई ऐकत नाही. मी तिला सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगितली, काच धुऊन टाकतो म्हणाले, डबा तुझ्यासमोर जाळते म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “तू दिला असता का तुजा?”

मी परतीची एस.टी. धरली.

आणखी एक. विश्रांती घ्यायला पुण्याला जा, हा तुझा सल्ला पोचला. उंटावरून शेळ्या हाकायचं तुझं चालू दे.

आशालता


नवीन पनवेल
३ फेब्रुवारी १९९१

विनायक,

मी माझा डबा गुणाबाईला दिला.

हसण्यासारखं आहे, आणि दिवस ठरवला तेव्हा मीही हसले होते. सकाळी घरून निघाले, पिशवीत डबा, त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी, माझ्याच अक्षरात. एस.टी.त पिशवी मांडीवर धरून बसले. दोन वर्षांहून जास्त मी लोकांचे डबे असे आणवते आहे, पण लाजेने मान वर होत नाही म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं.

गुणाबाईसमोर डबा ठेवला आणि म्हटलं, मलाही अजून मूल व्हायचं आहे. हा तुमच्याकडे ठेवा. सुनांना माझ्यामुळे काही झालं, तर तुम्हाला माझं काय करायचं ते करा.

किती वर्षं झाली लग्नाला, असं तिने विचारलं. मी सांगितलं. पाळणा का नाही, असं विचारलं नाही. भट्टीवरच्या बायका कामं टाकून भोवती उभ्या राहिल्या होत्या. मी प्राणिशास्त्र शिकले आहे, विनायक. करणी नसते, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तो डबा तिच्या हातात देताना माझी बोटं सुटेनात. तू जाताना म्हणाला होतास, मुलाचं आपण परत आल्यावर बघू. ते वाक्य तेव्हा नेमकं मनात आलं, आणि मला वाटलं, देऊ नये. मग दिला.

गुणाबाईने डबा पळसाच्या पानात गुंडाळला, वर चिंधी बांधली आणि झोपडीच्या छपरात खोचला. म्हणाली, “आता तुजं माज्या हाती हाय नि माज्या पोरींचं तुज्या हाती.” मग सुनांकडे वळून तिने फक्त मान हलवली. दुसऱ्या दिवशी ललिता, गोदा आणि दिपा यांनी आपापले डबे मला स्वतःच्या हाताने दिले. त्यांचं बघून बाकीच्या घरांतल्या सुनांनी दिले. प्रदीपला हात लावू दिला नाही. मीच दोन पिशव्या उचलून आणले.

आकडे सोबत जोडले आहेत, प्रत्येक बाईचा वेगळा. दोन-दोनदा मोजले आहेत, आणि दुसऱ्यांदा चिठ्ठ्या झाकून, म्हणजे मी जळत असले तरी कोणाचा डबा मोजते आहे ते मला कळू नये. उतार कुठेच नाही. सुनांच्या पोटात पुरुषांपेक्षा जास्त जंत आहेत. चिखल त्या तुडवतात, मग दुसरं काय होणार?

सगळ्यांत जास्त ललिताच्या पोटात. मंगळवारी ती डोक्यावर विटा घेऊन चालताचालता खाली बसली आणि तिला उठता येईना. तिची खालची पापणी मी ओढून पाहिली, आत लाल असं काही नव्हतं, जंतांनी रक्त शोषलेलं. आकडे बघून मला आनंद होईल असं वाटलं होतं. झालाही. कादंबरी हरली असं मी मोठ्याने म्हणाले, खोलीत कोणी नव्हतं तेव्हा. ललिताची पापणी बघितल्यावर मला त्या आनंदाची लाज वाटली, पण तो पुरता गेला असं मी म्हणणार नाही.

ललिताला मी केमिस्टकडची जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. वाडीभरच्या बायकांना अशा आणून देता येणार नाहीत. सरकारी गोळ्या मार्चअखेर येतील आणि या बायकांसमोरून पुढे जातील, कारण तसं तुझ्या पत्रात लिहिलं आहे. मी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले. साहेब म्हणाले, “बाई, अहवाल डॉक्टरांचा आहे, बदल त्यांच्या सहीने होईल. नाहीतर त्या लंडनच्या मॅडमच्या. अहवालावर दोघांचीच नावं आहेत.”

दोघांचीच आहेत, होय. मला हे त्यांच्याकडून कळलं.

सही पाठव.

आशालता


नवीन पनवेल
१० मार्च १९९१

विनायक,

तू लिहितोस, लेख जानेवारीतच गेला. आता मागे घेतला तर तुझ्या पाठ्यवृत्तीचं दुसरं वर्ष धोक्यात येईल. माझे आकडे ‘रोचक’ आहेत, पण गोळा करण्याची पद्धत ‘अपारंपरिक’ आहे. सप्टेंबरात सुट्टीवर येशील तेव्हा स्वतः, तटस्थपणे, पुन्हा डबे गोळा करशील, तोवर मी कचेरीत जाऊन गोंधळ घालू नये.

तुला कोण डबा देईल, याचा विचार केलास का? जाऊ दे.

गोळ्या पंधरवड्यात येत आहेत. म्हणून तुला न विचारता ते सगळे आकडे मी कादंबरीला पाठवले. पत्ता तुझ्याच पाकिटांच्या मागे होता.

पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या मायन्यात मी तिला जे म्हटलं होतं ते इथे लिहिता येत नाही. शेवटी नुसतं ‘कादंबरी यांस’ असं घातलं. आलेख का चुकला ते लिहिलं, ललिताचं लिहिलं, आणि सही मागितली. मला तुमचा हेवा वाटतो, तेही लिहिलं. तू तिला सांगशीलच, मग तिला ते माझ्याकडून कळलेलं बरं.

पाकीट पेटीत टाकताना मला दिसत होतं की ती ते तुझ्यापुढे धरेल, दोघं वाचाल, ती ओठ दाबून हसेल आणि तू म्हणशील, मी म्हटलं नव्हतं का. तरी टाकलं. जिचं नावही मला नकोसं होतं तिच्या दाराशी मला जावं लागलं, विनायक. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आशालता


नवीन पनवेल
२१ एप्रिल १९९१

विनायक,

तुझं चार पानी पत्र मिळालं. तुझं म्हणणं मी नीट वाचलं आहे. मी परस्पर कादंबरीला लिहिलं, विभागात तुझी मान खाली गेली, नवरा-बायकोतली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली. आता माझ्याकडचं ऐक.

तिचं उत्तर तुझ्या पत्राच्या आधी आलं. कुरियरने आलं, चिपळूणकरांना वाटलं कोणी गेलंच. आत कचेरीसाठी सहीचं पत्र होतं, आणि मला दोन ओळी. ‘तुमचे आकडे पाहिले. आलेख चुकला आहे, मी आजच लेख मागे घ्यायला सांगते.’ आणि खाली एक प्रश्न, की ते डबे तुम्हाला मिळाले कसे. हेव्याबद्दल अवाक्षर नाही. मी जळते, म्हणून आकड्यांचं वजन तिने कमी धरलं नाही. तिने मला कधी पाहिलेलं नाही, आणि मी तिच्याविषयी काय काय म्हणत आले ते तिला तुझ्याकडून नक्कीच कळलेलं असणार.

ते पत्र घेऊन मी त्याच दुपारी कचेरीत गेले. साहेबांनी ते दोनदा वाचलं, मग गोळ्यांच्या वाटपात बायकांना घ्यायला सांगितलं. गोळ्या कमी पडतील म्हणाले. मी म्हटलं, मग चिखलात उतरणाऱ्यांना आधी द्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विचुंब्याच्या भट्टीवर वाटप झालं. गुणाबाई रांगेच्या तोंडाशी उभी राहिली आणि एकेका सुनेची हनुवटी धरून गोळी गिळली की नाही ते तिने बघितलं. ललिता आता चालते. विटा उचलत नाही अजून. माझा डबा गुणाबाईच्या छपरात आहे तिथेच आहे. तिने दिला नाही, मी मागितला नाही.

मी कादंबरीला तो डब्याचा किस्सा लिहिला. तिने उलट लिहिलं की पुढचं समीकरण ती माझ्याशी बोलल्याशिवाय मांडणार नाही, आणि पावसाळ्यानंतर ती इथे येते आहे. आपल्याच घरी उतरेल. येऊ नको म्हणावंसं मला वाटलं, एवढी काही मी सुधारले नाही. पण ये म्हणून लिहिलं.

तू लिहितोस, तुझ्यात आणि तिच्यात तसं काहीही नव्हतं, आणि तो मफलर विभागातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांचा होता. मला पटलं. इतके महिने मी हे एक वाक्य यावं म्हणून पोस्टमनची वाट पाहिली, आणि ते आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. वाचलं आणि उरलेली भाजी निवडली.

हेवा गेला असं मात्र समजू नकोस, त्याने फक्त जागा बदलली आहे. आधी मला वाटायचं की तू तिच्याकडे बघतोस. आता वाटतं, तिने म्हटलेलं तू तोलून बघत नाहीस, माझं मात्र बघतोस. आलेख चुकला असं ती म्हणाली, त्या दिवशी तुला पटलं. तुझ्याच पत्रात आहे, तिसऱ्या पानावर: ‘कादंबरी म्हणाली तेव्हा माझ्याही लक्षात आलं.’ तेच वाक्य माझ्या अक्षरात डिसेंबरपासून तुझ्या टेबलावर पडून होतं. तुमच्यात काही असतं तर मी रडले असते, भांडले असते, आणि कदाचित विसरलेही असते. हे कसं विसरायचं ते मला समजत नाही.

शेवटी तू विचारतोस की पाठ्यवृत्तीचं दुसरं वर्ष मिळत असेल तर घेऊ, की परत येऊ, तुला काय हवं ते लिही. गेल्या ऑक्टोबरपासूनच्या माझ्या प्रत्येक पत्रात ‘परत ये’ हे दोन शब्द न लिहिता लिहिलेले होते. मफलरात होते, मऊ चकल्यांत होते, शिव्या दिल्या तिथेही होते. तुला ते वाचता आले असतील असं मी धरून चालले होते.

या पत्रात ते नाहीत. शोधू नकोस.

आशालता